अपक्ष शेतकरी उमेदवार म्हणून विधानसभा लढवताना

शेतकऱ्याच्या घरातून कोणी विधानसभेला उभे राहणार असे कळले, की गावात पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा जातीचा. अर्ज कसा भरायचा हे मात्र कोणी विचारत नाही, कारण ते काम पक्षाचे वकील करतात असे सर्वांनी धरून ठेवलेले असते. मी २०२४ ची महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक अपक्ष म्हणून लढवली. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळी आणि कापसाची शेती आहे. मी निवडून आलो नाही आणि अनामत रक्कमही परत मिळाली नाही. तरी पहिल्या दाखल्यापासून खर्चाच्या अंतिम हिशेबापर्यंतचे सर्व काम माझ्या पुतण्याने आणि मी कोणत्याही पक्षाच्या आधाराशिवाय पूर्ण केले. जळगाव जिल्ह्यात अकरा, धुळ्यात पाच आणि नंदुरबारमध्ये चार अशा खान्देशात विधानसभेच्या २० जागा आहेत. त्यांपैकी कुठेही एखाद्या शेतकऱ्याला पुढे उभे राहायचे असेल, तर त्याला कागदांची भीती वाटू नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उभे राहण्याचे कारण केळीचा विमा हे होते. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई अडल्यामुळे काही वर्षांपूर्वी आम्ही शेतकऱ्यांनी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गावर रास्ता रोको केला होता आणि त्यात माझ्यावरही गुन्हा दाखल झाला होता. निवेदने देऊन, मोर्चे काढून झाल्यावर हा प्रश्न सभागृहात मांडणारा माणूस आपल्यातलाच असावा, असे आमच्या बैठकीत ठरले आणि माझे नाव पुढे आले.

सप्टेंबरच्या शेवटी मी आप्पांकडे गेलो. आप्पा हे आमच्या भागातले वयोवृद्ध माजी आमदार. आमदार होण्याआधी शेतकरी होते आणि नंतरही शेतकरीच राहिले. सभागृहात प्रश्न कसा मांडायचा हे त्यांच्याकडून समजून घ्यावे, अशा विचाराने मी गेलो होतो. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सभा मागून घेशील. आधी सातबारा काढ, आठ-अ काढ, सोसायटीच्या कर्जबाकीचा दाखला घे. जमिनीवर कोणकोणता बोजा चढलेला आहे, ते माणसाला स्वतःलाच माहीत नसतं.” मग त्यांनी आपल्या पहिल्या वर्षाची हकिकत सांगितली. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी अधिवेशन नागपूरला, आणि नागपूरचे अधिवेशन बहुधा डिसेंबरात, म्हणजे नेमके गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत. रात्रीची वीज असेल तर मोटार कोणी सुरू करायची, इथपासून घराची घडी नव्याने बसवावी लागली. आमदार निवासातली खोली तर गावाकडून दवाखान्याच्या आणि मंत्रालयातल्या कामांसाठी येणाऱ्या माणसांनी कायम भरलेली असायची, म्हणून ते स्वतः पुष्कळदा दाराजवळ सतरंजी टाकून झोपत. निघताना ते मला म्हणाले, “शेत कोण पाहील हे घरात बसून ठरव, आणि मगच अर्जाला हात घाल.” त्या रात्री थोरल्या भावाने कापसाची वेचणी आणि केळीच्या कांदेबागेची लागवड आपल्याकडे घेतली. माझ्या दृष्टीने उमेदवारी तिथेच नक्की झाली.

भारतीय नागरिकत्व, वयाची २५ वर्षे पूर्ण आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढी पात्रता लागते. मतदार यादीतला आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मात्र चालू यादीतूनच काढावा, कारण यादी नव्याने प्रसिद्ध झाली की अनुक्रमांक बदलतात. स्वतःचा मतदारसंघ सोडून दुसरीकडे उभे राहायचे असल्यास यादीतील नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि त्याच क्षणी आचारसंहिता लागली. २२ ऑक्टोबरला अधिसूचना, २९ ऑक्टोबर ही अर्ज भरण्याची अखेरची तारीख, ३० ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघार, २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ ला मतमोजणी असा कार्यक्रम होता. अधिसूचनेपासून अर्जाच्या अखेरपर्यंत आठवडाभर दिसत असला, तरी मध्ये चौथा शनिवार आणि रविवार आले होते. सुट्टीच्या दिवशी अर्ज घेत नाहीत आणि इतर दिवशीही सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढीच वेळ असते. त्यात धनत्रयोदशी नेमकी २९ तारखेला आली. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता दाखले आधीच गोळा करून ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वांत जास्त श्रम अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ च्या शपथपत्राला लागले. त्यात स्वतःची, पत्नीची आणि अवलंबितांची सर्व मालमत्ता, कर्जे, मागील पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतील उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय, शासनाशी असलेले करार आणि फौजदारी प्रकरणे लिहायची असतात. शेतजमीन एकरात लिहावी लागते, आपला सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये असतो. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर हे ध्यानात ठेवून प्रत्येक गटाचे क्षेत्र आधी कागदावर मांडून घ्यावे. आमची जमीन सामाईक असल्यामुळे प्रत्येक गटात माझा हिस्सा किती, तो वारसाने आला की खरेदीने, खरेदीची असल्यास तारीख आणि किंमत काय, आणि आज अंदाजे बाजारमूल्य किती, हे सगळे फेरफार उतारे पुढे ठेवूनच भरता आले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो आणि त्यासाठी तलाठी कार्यालयात जावे लागत नाही. बाजारमूल्यासाठी आम्ही रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा, आधार घेतला. आप्पांचे म्हणणे इथे खरे ठरले: वडिलांनी ठिबकसाठी काढलेले कर्ज फिटून बराच काळ लोटला होता, तरी त्याचा बोजा एका गटावर तसाच होता. बँकेचा निरंक दाखला देऊन तो कमी करून घेण्यात बरेच दिवस गेले.

दागिन्यांचा रकाना आला तेव्हा घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या सूचनाफलकावर लागते आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही येते, म्हणजे पत्नीच्या पोतीचे वजन गावातला कोणीही वाचू शकतो. “माहेरचं असलं तरी लिहावं लागतं का?” एवढेच तिने विचारले. लागते, असे मी सांगितल्यावर तिने स्वतः डबा आणून दिला आणि आम्ही दोघे तालुक्याला सोनाराकडे जाऊन वजन करून आलो. उमेदवारी एकट्याची असते, पण त्यासाठी संपूर्ण घराला उघड्यावर यावे लागते. त्याची घरच्यांना आधी कल्पना द्यावी आणि त्यांची संमती घ्यावी, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नये. जिथे लिहिण्यासारखे काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे स्पष्ट लिहावे; नुसती रेघ ओढू नये. रकाना कोरा राहिल्यास निर्णय अधिकारी नोटीस देऊन सुधारित शपथपत्र मागतात, आणि तेही वेळेत दिले नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने ज्यांनी विवरणपत्र कधीच भरलेले नाही, त्यांनी तसे लिहावे. विवरणपत्र नसणे हा अपात्रतेचा मुद्दा नाही. मुद्रांक किती रुपयांचा लागतो, याची चौकशी मात्र निवडणूक कार्यालयातच करावी, कारण त्याच ऑक्टोबरमध्ये राज्यात १०० रुपयांऐवजी ५०० रुपयांच्या मुद्रांकाचा नियम आला होता आणि बाहेर प्रत्येक जण वेगळे सांगत होता. शपथपत्र नोटरीसमोर करून घ्यावे आणि प्रत्येक पानावर आपली सही व नोटरीचा शिक्का आहे, हे तिथेच उभे राहून तपासावे.

रास्ता रोकोच्या गुन्ह्याचे मला दडपण होते. आंदोलन केलेल्या बहुतेक शेतकऱ्यांवर असे गुन्हे असतात: बेकायदा जमाव, रस्ता अडवणे, मनाई आदेशाचा भंग. असा गुन्हा प्रलंबित असला म्हणून उमेदवारीला बाध येत नाही. अपात्रता येते ती दोषी ठरून कायद्यात सांगितलेली शिक्षा झाल्यावर. गुन्ह्याची संपूर्ण माहिती मात्र द्यावीच लागते. पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कलमे, न्यायालय, खटला क्रमांक आणि खटल्याची ओळख असलेला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक हे सर्व ई-कोर्ट संकेतस्थळावरून मिळाले. आपल्या नावावर कुठे एखादा जुना गुन्हा आहे का, याची पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करून खात्री करून घ्यावी, कारण आंदोलनात नाव घातले गेले आणि समन्स कधी आलेच नाही, असेही पुष्कळांच्या बाबतीत घडते. एवढ्यावर हे काम संपत नाही. माघारीनंतर हीच माहिती ठरलेल्या नमुन्यात वृत्तपत्रात आणि दूरचित्रवाहिनीवर तीन वेळा प्रसिद्ध करावी लागते. आमच्या वेळी ५ ते ८, ९ ते १२ आणि १३ ते १८ नोव्हेंबर असे तीन टप्पे होते. तो खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरला जातो. माझ्या एकूण खर्चातला मोठा वाटा याच जाहिरातींचा होता.

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. ते एकट्याच्या नावाने किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त चालते. कुटुंबीयांबरोबर मात्र, ते प्रतिनिधी नसतील तर, चालत नाही. पुतण्याच माझा निवडणूक प्रतिनिधी होता, म्हणून खाते आमच्या दोघांच्या नावे उघडले. दिवाळीच्या तोंडावर बँकेत पीककर्जाची आणि पगाराची गर्दी असते, त्यामुळे खाते उघडले तरी धनादेश पुस्तिका हातात येण्यास वेळ लागला.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, पुरतो; अपक्षाला दहा लागतात, आणि ते सर्व त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. आमच्याकडे कापसाची वेचणी चालू होती; सूचकांच्या सह्या मी वावरात जाऊन घेतल्या. त्यांतले एक काका अंगठा करणारे. अंगठ्याची निशाणी निर्णय अधिकाऱ्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांनी साक्षांकित करावी लागते, म्हणून त्यांना सोबत नेणे भाग होते. कार्यालयात उमेदवारासह पाचच माणसे जाऊ शकतात आणि शंभर मीटरच्या आत तीनच वाहने चालतात, त्यामुळे कोणाला न्यायचे हे आदल्या रात्रीच ठरवावे. मी पुतण्या, ते काका आणि आणखी दोन सूचक यांना घेऊन २५ ऑक्टोबरला गेलो. अनामत सर्वसाधारण उमेदवारासाठी १०,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारासाठी ५,००० रुपये असते. ती रोख किंवा कोषागारात चलनाने भरावी लागते, धनादेश घेत नाहीत. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच लागते. मी दोन अर्ज वेगवेगळ्या सूचकांचे भरले, म्हणजे एकात काही त्रुटी निघाली तरी दुसरा उभा राहावा.

आत टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्यांनी एकेक पान उलटून तपासणी सूचीवर खूण करायला सुरुवात केली तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली होती. काका मात्र शांत होते. अंगठा उठवून झाल्यावर त्यांनी तो डोक्याच्या फडक्याला पुसला आणि अधिकाऱ्यांना विचारले, “साहेब, आता माझं नाव सरकारदरबारी चढलं ना?” ते अधिकारी उठून उभे राहिले आणि म्हणाले, “चढलं, बाबा.” त्यानंतर मला शपथ घ्यायची होती. ही शपथ अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आधी घ्यावी लागते. छाननीच्या दिवशी घेतलेली चालत नाही. ती तिथल्या तिथे घेऊन प्रमाणपत्र मागून घ्यावे. मतदान यंत्रावर लावण्याच्या छायाचित्रासाठी तीन महिन्यांच्या आत काढलेला फोटो, मागे सही करून, त्याच वेळी द्यावा.

छाननीच्या दिवशी एका अपक्षाचा अर्ज माझ्यासमोर बाद झाला. त्याचे गाव मतदारसंघाच्या हद्दीवर होते आणि एका सूचकाचे नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघाले. त्याने दुसरा अर्ज भरलेला नव्हता. तो तरुण बाहेर येऊन बराच वेळ पायरीवर बसून होता. त्याच्याशी काय बोलावे, हे आम्हा कोणालाच सुचले नाही. हद्दीवरच्या गावातला सूचक घेताना यादीतील नोंद दोनदा पाहावी.

माघारीपर्यंतचे दिवस दिवाळीचे होते आणि घरी येणाऱ्या माणसांचा ओघ थांबत नव्हता. कोणी समजूत घालायला, कोणी माघारीचा निरोप घेऊन. ४ नोव्हेंबरला दुपारी तीनला मुदत संपल्यावर चिन्हवाटप झाले. मला हवे असलेले चिन्ह दुसऱ्या अपक्षानेही मागितले होते, त्यामुळे चिठ्ठी टाकण्यात आली आणि ते त्याच्याकडे गेले. चिन्ह हाती येईपर्यंत काहीही छापून घेऊ नये. छापताना प्रत्येक पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या असावीच लागते.

प्रचाराविषयी फार लिहीत नाही. १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सहापर्यंत आम्ही गावोगाव फिरलो. वाहने, सभा आणि ध्वनिक्षेपकाच्या परवानग्या निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवर आणि एक खिडकी कक्षातून मिळत गेल्या.

खर्चाच्या वहीविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. माझा खर्च तिच्या जवळपासही गेला नाही, तरीही नोंदी मोठ्या उमेदवाराइतक्याच काटेकोर ठेवाव्या लागल्या. वहीचे तीन भाग असतात: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख आणि पिवळ्या पानांवर बँक. एका व्यक्तीला किंवा दुकानदाराला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपर्यंतच रोख देता येते, त्यापुढील रक्कम खात्यातूनच द्यावी लागते. प्रचारकाळात खर्च निरीक्षकांपुढे किमान तीन वेळा वही तपासून घ्यायची असते. न गेल्यास नोटीस येते आणि वाहन परवानगी रद्द होऊ शकते. प्रशासनाचीही आपली स्वतंत्र छाया नोंदवही असते. आमच्या एका सभेतल्या खुर्च्या त्यांच्या नोंदीत आमच्यापेक्षा जास्त होत्या. आम्ही चित्रीकरण पाहण्याची विनंती केली आणि लक्षात आले, की पलीकडच्या लग्नघरासमोर मांडलेल्या खुर्च्याही मोजल्या गेल्या होत्या. नोंद त्याच बैठकीत दुरुस्त झाली. फरक दिसला तर घाबरू नये, पण तो तोंडी मान्यही करू नये; लेखी उत्तर द्यावे. गावकऱ्यांनी प्रेमाने पाजलेला चहा, स्वतःचा ट्रॅक्टर, मित्राची गाडी यांनाही जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे किंमत लावावी लागते. पुतण्या रोज रात्री जेवणाआधी वही भरायचा, आणि त्यामुळेच आम्ही तिन्ही तपासण्यांतून अडचणीशिवाय बाहेर पडलो.

२३ नोव्हेंबरला सकाळी आठला टपाली मते उघडली आणि अर्ध्या तासाने यंत्रे टेबलांवर आली. मतमोजणी प्रतिनिधींची यादी फोटोंसह तीन दिवस आधी द्यावी लागते. प्रतिनिधीच्या हातात मतदान केंद्रावर मिळालेला नमुना १७-क, म्हणजे त्या केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब, असावा, म्हणजे यंत्रातील एकूण मते जुळतात की नाही हे पडताळता येते. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झाले. अनामत वाचण्यासाठी एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते लागतात, तेवढी मला मिळाली नाहीत. वाईट वाटले. ज्या गावांत विम्याच्या आंदोलनाला सगळे गाव रस्त्यावर होते, तिथेही मते विखुरली होती. काकांच्या गावाने मात्र भरभरून साथ दिली, आणि संध्याकाळी मी पहिल्यांदा तिथेच गेलो.

पराभवानंतर अनेक अपक्ष हिशेब द्यायचा सोडून देतात. निकालापासून ३० दिवसांत अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावाच लागतो. सबळ कारणाशिवाय न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. आमची मुदत २३ डिसेंबरपर्यंत होती. त्याआधी हिशेब जुळवणीची बैठक होते, तिला जावेच. मूळ वही, सर्व पावत्या क्रमाने, खात्याचा उतारा, गोषवारा, शपथपत्र आणि गुन्ह्याच्या जाहिरातींचा सी-४ अहवाल असा गठ्ठा तयार करावा आणि संपूर्ण गठ्ठ्याची झेरॉक्स घरी ठेवावी. १६ डिसेंबरला नागपूरला अधिवेशन सुरू झाले आणि त्याच आठवड्यात पुतण्या आणि मी तो गठ्ठा घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकांनी प्रत्येक पावतीवर सही आहे का ते पाहिले, दोन ठिकाणी माझी सही घेतली आणि पोच दिली. ती मूळ पोच आणि वहीची प्रत आम्ही सातबाऱ्याच्या फाइलमध्ये लावली आहे. पुढे कोणत्याही निवडणुकीला उभे राहताना मागील हिशेब दिल्याचा हाच पुरावा असतो. निवडणुकीचे बँक खाते त्यानंतरच बंद करावे, आधी नाही. रास्ता रोकोचा खटला अजून चालू आहे, आणि त्याच्या तारखेला आम्ही सगळे शेतकरी एकाच गाडीने जातो.